मोटरहोमच्या हीटरमधली कूलंट गळती कशी शोधतात? आधी मोबाइल, मग पाना

रील्समध्ये हे दृश्य तुम्ही पाहिलं असेलच. बाहेर गुडघाभर बर्फ आणि गाडीच्या आत कोणीतरी टी-शर्टवर बसून निवांत कॉफी पितंय. शेगडी दिसत नाही, हीटरचा घोंघाट नाही. मग ही ऊब येते कुठून?

मोठ्या मोटरहोममध्ये ती बऱ्याचदा गाडीभर फिरवलेल्या गरम द्रवाच्या नळ्यांमधून येते. या पद्धतीला हायड्रॉनिक हीटिंग म्हणतात. आवाज कमी, ऊब सगळीकडे सारखी, शिवाय अंघोळीला गरम पाणी. पण या सिस्टीमचं एक दुखणं फार चिवट आहे, ते म्हणजे कूलंटची गळती. थेंब थेंब गळतं, फळीखाली मुरतं, आणि आपल्याला कळतं तेव्हा रात्रीचे तीन वाजलेले असतात आणि हीटर बंद पडलेला असतो.

हे मी नुसतं वाचून सांगत नाहीये. माझी ताई आणि दाजी अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ राहतात. त्यांनी एक जुनं डिझेल मोटरहोम सेकंडहँड घेतलं. मागच्या हिवाळ्यात गनिसन गावाजवळ मुक्कामाला असताना मध्यरात्री हीटर बंद पडला. बाहेर उणे १८ अंश. आत ताई, दाजी, सहा वर्षांची भाची आणि ब्रूनो नावाचा लॅब्रॅडोर. पॅनेलवर एवढाच इशारा : कूलंट लेव्हल कमी. दाजींनी पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या टाकीत ओतल्या, हीटर चालू झाला, रात्र निभावली. परत आल्यावर एका वर्कशॉपने गाडी पाहिली आणि सांगितलं, बॉयलर गेलाय, नवा टाका. आकडा ऐकून दाजी थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

"तू मोबाइल-बिबाइलवर लिहितोस ना, मग बघ काही," ताई मला म्हणाली. मोबाइलवर लिहिणारा माणूस बॉयलर दुरुस्त करतो हा घरच्यांचा समज आता काही बदलणार नाही. पण त्या दहा दिवसांत व्हिडिओ कॉलवर आम्ही जे केलं, त्यात खरंच सगळ्यात जास्त काम मोबाइलने केलं. आणि बॉयलर गेलेला नव्हता.

आधी सिस्टीम समजून घेऊ

एक बॉयलर असतो. तो डिझेलवर, गॅसवर किंवा विजेच्या कॉइलवर आतला द्रव तापवतो. पंप तो द्रव नळ्यांमधून गाडीभर फिरवतो. प्रत्येक भागात छोटा हीट एक्स्चेंजर आणि पंखा बसवलेला असतो, अगदी कारच्या डॅशबोर्डमागच्या हीटरसारखा. काही गाड्यांत पंख्याऐवजी भिंतीलगत पातळ पत्र्यांचे कन्व्हेक्टर असतात. उष्णता देऊन द्रव परत बॉयलरकडे येतो. अमेरिकेतल्या मोठ्या डिझेल मोटरहोममध्ये अ‍ॅक्वा-हॉटसारख्या सिस्टीम असतात. युरोपात स्वीडनच्या आल्डे कंपनीची गॅस आणि विजेवर चालणारी सिस्टीम बरीच दिसते. दाजींच्या गाडीत कोणती होती याने इथे फरक पडत नाही, तत्त्व एकच आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. दाजींच्या गाडीसारख्या मोठ्या डिझेल गाड्यांत त्या एका पेटीत तीन वेगवेगळी 'पाणी' शेजारी नांदत असतात. पहिलं, बॉयलरचं कूलंट, जे गाडी उबदार ठेवतं. दुसरं, इंजिनचं कूलंट. गाडी चालू असताना इंजिनची फुकट जाणारी उष्णता बॉयलरला मिळावी आणि थंडीत स्टार्ट करण्याआधी बॉयलरने इंजिन गरम करावं, म्हणून ते इथपर्यंत आणलेलं असतं. तिसरं, नळाचं पाणी, जे बॉयलरमधल्या कॉइलमधून जाताना तापतं. या तिघांच्या मध्ये असते फक्त धातूची भिंत. म्हणून गळती दोन प्रकारची असू शकते : नळीतून बाहेर, किंवा भिंतीतून एकमेकांत. हे लक्षात न घेता नळ्या चाचपायला बसलात तर आठवडा जातो.

कूलंट म्हणजे ग्लायकॉल आणि शुद्ध पाण्याचं मिश्रण, सोबत गंजरोधक रसायनं. प्रॉपिलीन ग्लायकॉल निम्मं आणि पाणी निम्मं असेल तर ते साधारण उणे ३३-३४ अंशांपर्यंत गोठत नाही. पण प्रमाण ३० टक्क्यांवर आलं की ही मर्यादा उणे १३ च्या आसपास येते. म्हणजे दाजींनी त्या रात्री ओतलेल्या दोन बाटल्यांनी हीटर चालू केला खरा, पण पुढच्या थंडीत नळी फुटण्याची सोयही करून ठेवली. नाइलाज होता, मान्य. फक्त असं करावं लागलं तर किती लिटर ओतलं ते लिहून ठेवा.

ब्रूनोने चाटलं तर?

शोध सुरू करण्याआधी हा प्रश्न सोडवावा लागला, कारण बॉयलरच्या कप्प्याखाली डबकं होतं आणि ब्रूनो तिथे नाक खुपसत होता.

ग्लायकॉल दोन जातीचं असतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल तुलनेने बरंच निरुपद्रवी आहे, म्हणूनच नळाचं पाणी शेजारून जातं अशा सिस्टीममध्ये ते वापरतात. एथिलीन ग्लायकॉल मात्र विष आहे. चवीला गोडसर, त्यामुळे कुत्री-मांजरं आवडीने चाटतात, आणि थोडं पोटात गेलं तरी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. रंगावरून यातलं कोणतं आहे हे ओळखता येत नाही. हिरवं म्हणजे अमुक आणि गुलाबी म्हणजे तमुक असा कोणताही पक्का नियम नाही, कंपन्या वाटेल तो रंग घालतात. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने काय भरलं होतं ते कागदावर सापडेपर्यंत विषच आहे असं धरून वागायचं. डबकं फडक्याने टिपून घ्यायचं, फडकं बंद डब्यात टाकायचं, पाळीव प्राणी आणि लहान मूल लांब. जनावराने चाटल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता व्हेटकडे पळायचं. उपचार पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतात.

आणि हो, हातातला थेंब काय आहे हे जिभेने तपासणारे जुने मेकॅनिक असतात. त्यांचं अनुकरण नको. त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर नावाची छोटी दुर्बीण मिळते. काचेवर एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं. साधं पाणी असेल तर रेघ शून्यावर, ग्लायकॉल असेल तर वर. छतातून आलेलं पावसाचं पाणी, एसीचं पाणी, नळाच्या जोडातून गळलेलं पाणी आणि कूलंट, हे सगळं ओल्या फळीवर सारखंच दिसतं. त्यामुळे पहिला थेंब सापडला की पहिलं काम हेच. आमच्या डबक्याचं उत्तर आलं : कूलंट, पण चांगलंच पातळ झालेलं.

लेव्हल उतरली म्हणजे गळतीच असं नाही

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. ग्लायकॉलचं मिश्रण तापलं की फुगतं. २० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की साधारण ४ टक्के. सिस्टीममध्ये ५० लिटर कूलंट असेल तर दोन लिटर जास्तीचं कुठेतरी जायला हवं. ते एक्स्पॅन्शन बॉटलमध्ये जातं आणि गार झालं की परत ओढलं जातं. म्हणजे रात्री गरम असताना बघितलेली लेव्हल आणि सकाळी गार असताना बघितलेली लेव्हल यांची तुलना केली तर रोज गळती 'सापडेल'. तुलना करायची ती गार-गारची. हीटर बंद, किमान सात-आठ तास झालेले, गाडी सपाट जागी उभी.

दुसरं कारण हवा. नुकतंच कूलंट भरलं असेल तर नळ्यांत अडकलेले बुडबुडे पुढचे काही दिवस निघत राहतात आणि तेवढी लेव्हल उतरते. ही घट रोज कमी होत जाते आणि मग थांबते. गळती थांबत नाही.

तिसरं कारण म्हणजे बॉयलरवरचं झाकण. कारच्या रेडिएटरसारखंच, त्यात दोन व्हॉल्व्ह असतात. एक दाब वाढला की कूलंट बाटलीत सोडतो, दुसरा गार झाल्यावर परत आत घेतो. दुसरा बिघडला किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी चिरली, तर कूलंटऐवजी हवा आत ओढली जाते. मग बाटली भरलेली दिसते आणि बॉयलर मात्र रिकामा होत जातो. म्हणून गरम असताना आणि गार असताना बाटलीची लेव्हल हललीच नाही, तर खूश होऊ नका. ती हलायला हवी.

झाकण गरम असताना उघडायचं नाही हे आपल्याकडे घाटात गाडी तापलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. इथेही तोच नियम.

आम्ही काय केलं, तर बाटलीवर चिकटपट्टी लावून सेंटिमीटरच्या खुणा केल्या. दाजी रोज सकाळी सहाला हीटर लावण्याआधी आणि रात्री दहाला तो गरम असताना एकाच कोनातून फोटो काढायचे. आपल्याकडे आणि डेन्व्हरमध्ये हिवाळ्यात साडेबारा तासांचं अंतर, त्यामुळे मला ते बरोबर संध्याकाळच्या चहाला आणि सकाळच्या नाश्त्याला यायचे. फोटोला वेळ आपोआप नोंदली जाते, वही लागत नाही. कॅप्शनमध्ये तीन गोष्टी : बाहेरचं तापमान, हीटर किती वेळ चालला, काही ओतलं का.

चार दिवसांत चित्र दिसायला लागलं. ज्या रात्री बाहेर उणे दोन-तीन होतं, त्या सकाळी घट जवळपास नाही. ज्या रात्री उणे बारा होतं आणि हीटर मुद्दाम बंद ठेवला होता, त्या सकाळी बाटली बोटभर खाली. आणि दिवसभर हीटर दणकून चालला तरी काहीच नाही.

हे उलटं वाटतं ना? दाब तर गरम असताना जास्त असतो. मग गळायला हवं तेव्हा.

थंडीत गळणारी गळती

रबराची नळी धातूच्या तोटीवर चढवतात आणि वरून क्लॅम्प आवळतात. वर्षं जातात तसं रबर क्लॅम्पखाली दबून कडक होतं. कडाक्याच्या थंडीत रबर धातूपेक्षा जास्त आकसतं, जोडात केसाएवढी फट पडते आणि कूलंट पाझरतं. हीटर चालू झाला की रबर फुगून फट बुजते. गरम पाइपवर उरलेली ओल काही वेळात सुकते. दिवसा मेकॅनिक येतो तेव्हा जोड कोरडा ठणठणीत. साधा स्क्रूवाला क्लॅम्प एकदा आवळला की तेवढ्याच मापावर राहतो, रबरासोबत आकसत नाही. त्यामुळे हा त्रास त्याच्याच खाली जास्त होतो.

वर्कशॉपवाल्याची चूक इथेच झाली असावी. त्याने गाडी उबदार शेडमध्ये घेतली, हीटर चालू करून बघितला, सगळे जोड कोरडे दिसले, आणि ओल दिसली ती बॉयलरच्या कप्प्यात. मग बॉयलरच. पण कूलंट नळीच्या पोटाखालून, वायरच्या बाजूने, फळीच्या उतारावरून कित्येक फूट वाहत जातं आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात टपकतं. त्या गाडीत सगळ्यात खालचा कोपरा बॉयलरचा कप्पा होता, एवढंच.

गळती फक्त गरम असताना होत असेल तर संशयित वेगळे असतात : पंपाचं सील, झाकण, हीट एक्स्चेंजरची बारीक चीर. म्हणून 'कुठे' विचारण्याआधी 'केव्हा' विचारायचं. हे उत्तर फुकट मिळतं, फक्त आठवडाभर फोटो काढायचा कंटाळा करायचा नाही.

आतल्या गळतीची शंका आधी फेडून घ्या

बॉयलरची भिंत फुटलीय का हे न उघडता बऱ्यापैकी कळतं. नळाच्या पाण्याचा दाब बॉयलरमधल्या दाबापेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे पाण्याच्या कॉइलला भोक पडलं तर पाणी बॉयलरमध्ये घुसतं आणि बाटलीची लेव्हल उतरण्याऐवजी चढते, ओसंडून वाहते, कूलंट पातळ होत जातं. हे विचित्र आहे : गळती, पण लेव्हल वर. तपासायला पाण्याचा पंप बंद करा, बाहेरच्या नळाची जोडणी काढा. चढणं थांबलं तर चोर सापडला. मात्र पंप बंद असताना उलटंही होऊ शकतं, म्हणजे कूलंट पाण्यात. गरम नळाला रंग, फेस किंवा गोडसर वास आला तर ते पाणी पिणं सोडाच, भांडीही धुवायची नाहीत.

इंजिनच्या बाजूची भिंत फुटली तर एक बाटली चढते आणि दुसरी उतरते, म्हणून इंजिनच्या टाकीचाही रोज फोटो काढायचा. आणि ज्या नळकांड्यात डिझेल जळतं तिथे चीर असेल तर एक्झॉस्टमधून पांढरी वाफ येत राहते, गोडसर वासाची. सुरुवातीला दोन मिनिटं पांढरा धूर कधीकधी न जळलेल्या डिझेलचाही असतो, त्याला डिझेलचाच वास येतो. थांबत नसेल तर काळजी.

आमच्या बाबतीत कूलंट पातळ झालेलं होतं, म्हणून मलाही क्षणभर वाटलं की कॉइल गेली. मग दाजींना विचारलं, आतापर्यंत एकूण किती साधं पाणी ओतलं? गनिसनच्या दोन बाटल्या आम्हाला माहीत होत्या. त्याआधीही महिनाभर ते आठवड्याला लिटरभर टाकत होते हे तेव्हा कळलं. "त्यात काय सांगायचं?" असं म्हणाले. बाटलीची लेव्हल कधीच आपोआप चढली नव्हती, इंजिनची टाकी हलली नव्हती, एक्झॉस्ट स्वच्छ. म्हणजे बॉयलर निर्दोष असण्याची शक्यता मोठी. आता बाहेरची गळती शोधायची.

अर्धं-अर्धं करत शोधा

यासाठी लागतो रेडिएटर प्रेशर टेस्टर. हातपंप, त्यावर दाबाचा काटा, आणि झाकणाच्या जागी बसणारं तोंड. कारच्या सामानाच्या दुकानात मिळतो, तिकडे काही दुकानं भाड्यानेही देतात. सिस्टीम पूर्ण गार असताना झाकण काढून हा बसवायचा आणि हवा भरायची, झाकणावर लिहिलेल्या दाबापेक्षा कमीच. दाजींच्या झाकणावर १३ पीएसआय होतं, आम्ही १२ वर थांबलो. जास्त भरलं तर नसलेली गळती तयार होते.

सकाळी सहा वाजता, उणे नऊ अंशांत, काटा अर्ध्या तासात १२ वरून ८ वर आला. दुपारी गाडी तापवून, गार होऊ देऊन हीच टेस्ट परत केली तर काटा जेमतेम हलला. थंडीतच गळतं यावर शिक्कामोर्तब.

आता नळ्यांचं जाळं केवढं तरी मोठं. एकेक जोड बघत बसायचं नाही. डिक्शनरीत शब्द शोधताना आपण मध्यावर उघडतो ना, तसंच. सिस्टीमचा एक भाग बंद करायचा आणि काटा बघायचा. उतरणं थांबलं तर गळती बंद केलेल्या भागात, नाहीतर उरलेल्यात. १६ भाग असतील आणि दर वेळी निम्मे बंद करता आले तर चार टेस्टमध्ये एकावर येता. जिथे व्हॉल्व्ह आहे तिथे व्हॉल्व्ह फिरवायचा. जिथे नाही तिथे रबरी नळी दाबून धरणारी बोथट तोंडाची पक्कड मिळते, ती लावायची. ही पक्कड फक्त रबराला. पेक्सच्या कडक प्लास्टिक नळीला लावली तर नळी चिरते आणि तुम्हाला दुसरा लेख वाचावा लागतो.

पुढचा भाग बंद केला, काटा उतरतच राहिला. मधला बंद केला, तरी तेच. मागचा बेडरूमचा भाग बंद केला आणि काटा जागच्या जागी थांबला. व्हिडिओ कॉलवर दाजी काट्यासमोर मोबाइल धरून दहा मिनिटं नुसते उभे होते. आम्ही कोणी बोललो नाही.

टिश्यू पेपर आणि टाइमलॅप्स

बेडरूममध्ये पलंगाखाली दोन हीट एक्स्चेंजर, म्हणजे चार जोड, शिवाय एक हवा काढायची तोटी. पलंगाची फळी उचलून आत हात घालायला जागा, पण डोकं घालायला नाही. इथे बोरस्कोप कामाला आला, म्हणजे लांब वायरच्या टोकाला बारीक कॅमेरा, मोबाइलला लागणारा. अँड्रॉइडला यूएसबीवर चालणारे स्वस्त मिळतात, आयफोनसाठी मात्र त्याला चालणारा आहे ना हे बघून घ्यावं लागतं. फोकस जवळचाच असतो, त्यामुळे कॅमेरा घाईने फिरवू नका. एका क्लॅम्पच्या कडेला पांढुरका चिकट थर दिसला. कूलंट सुकलं की असा थर मागे राहतो. हा चांगला पुरावा आहे, पण जुन्या, केव्हाच बंद झालेल्या गळतीचाही असू शकतो.

म्हणून प्रत्येक जोड पुसून कोरडा केला, त्यावर टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळली, बाजूला एक छोटा एलईडी दिवा ठेवला आणि ताईचा जुना मोबाइल टाइमलॅप्सवर लावून रात्रभर ठेवला. हीटर बंद. सगळे त्या रात्री घरात झोपले. एक टीप : थंडीत मोबाइलची बॅटरी ४० टक्के दाखवत असतानाही फोन बंद पडतो, कारण गारठ्यात बॅटरीतून पुरेसा करंट निघत नाही. फोन पॉवर बँकेला जोडून एका मोज्यात घाला, फक्त लेन्स बाहेर.

सकाळी व्हिडिओ आला. पहाटे पाचच्या सुमारास उजव्या एक्स्चेंजरच्या परतीच्या जोडावरची पट्टी एका कडेने काळवंडायला लागते आणि अर्ध्या तासात पूर्ण भिजते. बाकीच्या शेवटपर्यंत पांढऱ्या. पांढरा थर होता तो जोड हा नव्हताच, शेजारचा होता. त्यावरच विश्वास ठेवला असता तर चुकीचा क्लॅम्प बदलून परत गनिसनला गेले असते.

इतर साधनांबद्दल थोडक्यात. मोबाइलला जोडायचा थर्मल कॅमेरा, जसा फ्लर वन, गळती दाखवत नाही, तापमान दाखवतो. गरम कूलंट फळीखाली पसरत असेल तर ऊबदार डाग दिसतो, आणि ओली जागा सुकताना कोरड्यापेक्षा थंड दिसते. पण चकचकीत धातूवर तो आजूबाजूचं प्रतिबिंब दाखवून फसवतो, आणि भिंतीच्या आरपार बघू शकत नाही. तुमच्या गळतीसारखी थंडीतच होणारी असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही, त्यामुळे आम्ही पैसे वाचवले. यूव्ही डाय हा प्रकार चांगला आहे : कूलंटमध्ये चमकणारा रंग घालायचा, काही दिवस हीटर वापरायचा, मग यूव्ही टॉर्चने अंधारात बघायचं. ग्लायकॉलला चालणारा डायच घ्या. काही कूलंट मुळातच यूव्हीखाली चमकतात, म्हणून आधी बाटलीतला थेंब तपासा. मोबाइलचा टॉर्च यूव्ही नसतो, त्यावर निळा सेलोफेन लावायचा जुगाड यूट्यूबवर फिरतो, तो चालत नाही.

दुरुस्ती

क्लॅम्प नुसता आणखी आवळायचा मोह होतो. तात्पुरतं थांबतंही, पण कडक झालेलं रबर आणखी कापलं जातं. दाजींनी तो भाग पक्कडीने बंद केला, खाली ट्रे धरून जोड सोडला, तोटीवरचा थर पुसून साफ केला, नळीचा नवा तुकडा घातला आणि स्क्रूवाल्याऐवजी स्प्रिंगचा ताण असलेला क्लॅम्प लावला. असा क्लॅम्प रबर आकसलं तरी सोबत आवळत राहतो. त्या जोडाचंच वय झालंय म्हणजे बाकीच्यांचंही झालंय, म्हणून पलंगाखालचे चारही बदलले. सगळा खर्च एका साध्या हॉटेलातल्या जेवणाएवढा.

स्टॉप-लीक पावडर मात्र टाकली नाही. कारच्या दुकानात कोणीतरी सुचवतंच. ती फट बुजवते तशी एक्स्चेंजरच्या बारीक नळ्या आणि पंपही बुजवते.

पातळ झालेलं कूलंट पूर्ण काढून नवं भरलं : बॉयलरसाठीचं गंजरोधक असलेलं प्रॉपिलीन ग्लायकॉल. तिकडे दुकानात 'आरव्ही अँटीफ्रीझ' म्हणून गुलाबी कॅन मिळतात, ते नळाच्या पाइपांत हिवाळ्यापुरतं भरायला असतात, बॉयलरसाठी नाहीत. नाव सारखं, भाव कमी, म्हणून पुष्कळ जण चुकतात. जुनं कूलंट गटारात न ओतता कॅनमध्ये भरून कलेक्शन सेंटरला दिलं. ब्रूनोचा विचार करता ते कॅन गॅरेजच्या वरच्या फळीवर.

पहिले तीन दिवस बाटली थोडी थोडी उतरली आणि ताईचा आवाज बदलला. मी म्हटलं, हवा निघतेय, थांब. पाचव्या दिवशी सकाळचा फोटो आला : बाहेर उणे चौदा, चिकटपट्टीवर सात सेंटिमीटर. सहाव्या दिवशी सात. सातव्या दिवशी दाजींनी फोटो पाठवलाच नाही, गनिसनला निघाले होते.